लक्ष्मीचा साचा

पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात लाकडाचा ठोकळा देताना स्वरूपा सुतार सांगत असे, तोंडाला हात लावायचा नाही, आधी पाठ. मुले चिडत. शिल्पकला म्हणजे चेहरा अशी कल्पना करून ती घरून आलेली असत, आणि ही बाई दिवाळीपर्यंत पाठच कोरून घेत असे. पण तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या काम असेच चालत आले होते. देवीची पाठ कोणी बघत नाही, तिथे लुगड्याचा घोळ येतो. म्हणून लाकडाची गाठ कुठे आहे, रेषा कुठे उलटी फिरते, पटाशीखाली ते कुठे चिरते, हे पाठीकडून समजून घ्यायचे. काय चुका व्हायच्या त्या तिथे होऊ द्यायच्या.

विद्यापीठ बेळगाव आणि निपाणीच्या मध्ये, महामार्गाला लागून होते. शिल्पकला विभाग म्हणजे मागच्या बाजूची पत्र्याची लांब शेड. स्वरूपा तिथे आली तेव्हा मुलांकडून पुढाऱ्यांचे अर्धपुतळे करून घेत. एकाच साच्यातले, चष्मा तेवढा वेगळा. तिने हळूहळू ते मागे सारले. बेंदराचे मातीचे बैल कुंभाराच्या अंगणात बसून करायला लावले. शेताच्या बांधावर पडलेल्या वीरगळांवरून मुलांना ओला हात फिरवायला लावला, कारण झिजलेले काम डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते. भाद्रपदात एका वस्तीतल्या बायकांना बोलावून मातीचा जोकुमार, म्हणजे पावसासाठी बायका टोपलीतून दारोदार फिरवतात तो देव, करवून घेतला आणि सातव्या दिवशी त्यांच्याच हातून मोडू दिला. त्यावर विभागप्रमुख विनय उपाध्ये कुरकुरले होते. विद्यार्थ्यांनी केलेली वस्तू मोडली तर गुण कशाला द्यायचे, असे त्यांचे म्हणणे. माणूस वाईट नव्हता. कपाटात ठेवता येईल तेवढेच काम झाले, असे ते मानत.

स्वरूपा मूळची मुरगुंडवाडीची. निपाणीहून आत तंबाखूच्या शिवारातून रस्ता जातो, तिथले हे लहान गाव. वडील जोतिराम सुतार, त्यांना सगळे आप्पा म्हणत. आई सोनाबाई. पाठची मुले जगली नाहीत, म्हणून मुलगा नाही आणि हत्यारे मुलीच्या हातात आली. आप्पांनी तिला सगळे शिकवले, डोळे तेवढे सोडून. कोल्हापूरला शिल्पकलेची पदविका झाली, मग पदवी झाली. लग्न गडहिंग्लजला करून दिले होते ते टिकले नाही. त्या माणसाने दुसरी केली आणि स्वरूपा ट्रंक घेऊन परत आली. त्याबद्दल आप्पा तिला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आता बेळगावच्या शहापुरात मागवाल्यांच्या आळीत एक खोली भाड्याने होती. दिवसभर शेजारी माग वाजत, आणि शनिवारी ती बसने गावी जाई.

नोकरी कंत्राटाची होती. दर उन्हाळ्यात नवा हुकूम येईपर्यंत ती पुढच्या महिन्याचे भाडे बाजूला काढून ठेवी. आप्पांचे हात कापू लागले होते, घरातली चूल तिच्या पगारावर पेटत होती. अशात त्या वर्षी विनय सरांनी तिला बोलावून सांगितले, की देशी कलांसाठी एक कायमची जागा मंजूर होण्याची शक्यता आहे. पाहणी समिती येणार आहे. दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही असे काहीतरी विभागाने दाखवायला हवे.

आणि त्याच वर्षी मुरगुंडवाडीची लक्ष्मी यात्रा होती.

ही यात्रा कित्येक वर्षांनी एकदा भरते. लक्ष्मी गावदेवी, शिवणीच्या लाकडाची, माणसाहून उंच, आणि हात सुटे करता येणारी. ती स्वरूपाच्या पणजोबांनी घडवली. म्हणून सुतारांचे घर हे तिचे माहेर. यात्रेआधी तिला डागडुजीला माहेरी आणतात. ती आली की पहिला चांगला दिवस बघून सुतार हळदीचा लेप देऊन तिचे डोळे मिटवतो. डोळे मिटले की ती लाकूड. मग तिला तासा, भेगा बुजवा, रंग द्या, काही चालते. काम झाले की पडद्याआड आरशात बघून सुतार डोळे पुन्हा उघडतो. त्याला दृष्टी लावणे म्हणतात. तो मान आप्पांचा होता, त्यांच्या वडिलांचा होता. दृष्टी लागली की सोनाबाई ओटी भरून लेकीला सासरी धाडणार, तिचे लग्न लागणार, गावभर मिरवणूक निघणार. आणि यात्रेच्या शेवटच्या दिवशी तिला शिवेवर नेतात. तिथे ती विधवा होते. बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, आणि माहेरचा सुतार पांढऱ्या कापडाने तिचे तोंड झाकतो. तो मोठ्याने रडतो, मग गाव रडते, आणि तिच्यासाठी बांधलेल्या झोपडीला आग लावतात.

उघड्या डोळ्यांच्या लक्ष्मीचे तोंड त्याआधी कुणी झाकत नाही. पाऊस आला तर छत्री धरतात, पण तोंडावर पदरसुद्धा येऊ देत नाहीत.

देवी माहेरी आली त्या आठवड्यात स्वरूपा रजा काढून गावी होती. सोनाबाईने सोप्यात शेणाने सारवून तिची जागा केली होती. सकाळी तेल लावून पुसायची, दुपारी ताट वाढायची, संध्याकाळी केसांत अबोलीचा गजरा. येता-जाता तिच्याशी बोलायची. सासूबद्दल विचारायची, गावात कोण बाळंत झाली ते सांगायची. स्वरूपा कधी मध्ये बोलली तर म्हणायची, तू रोजचीच आहेस, ती किती वर्षांनी आली.

स्वरूपा मात्र देवीचे डोळे बघत बसली होती. पापणीची वरची कड पणजोबांनी एका ओढीत काढलेली होती. नाकाशी खोल, कानाकडे जाता जाता उथळ होत हवेत सुटलेली. इतकी वर्षे ती विद्यार्थ्यांना हीच ओढ शिकवायला धडपडत होती. डोळे मिटल्यावर आप्पा भेगांत लुकण भरणार, चिंचोक्याची खळ आणि भुशाचे. मागच्या यात्रेत उजवीकडची रेघ तशीच अर्धी बुजली होती. या वेळी उरलेली जाणार. साचा घ्यायचा तर आत्ताच, डोळे उघडे असताना. तिने आप्पांना विचारले.

आप्पा बराच वेळ पटाशीला धार लावत राहिले.

"मंगळवारी डोळं मिटतो," ते म्हणाले. "मग ती लाकूड हाय. मग तुला काय पायजे ते कर."

"मिटल्यावर तुम्ही लुकण भरणार. मला हवी ती रेघच जाणार, आप्पा. आणि समिती सोमवारी यायची हाय."

"मग न्हाय जमायचं."

हट्ट तिने केला नाही. पुढे ज्यांनी तिला बोल लावला त्यांना हे माहीत नव्हते. तासाभराने आप्पांनीच विचारले, "कायमची नोकरी म्हणजे म्हातारपणापातुर?"

"व्हय."

"आमच्या माघारी तुला कोण हाय," ते म्हणाले. मग पुन्हा दगडावर पटाशी फिरवू लागले. "आई बाजाराला जाईल तवा कर. तिला कळू देऊ नगंस."

प्लास्टर तिने बेळगावच्या खडेबाजारातून आणून ठेवलेले होतेच. सोनाबाई गुरुवारी निपाणीच्या बाजाराला गेली, तसे तिने सोप्याचे दार ओढून घेतले. देवीच्या चेहऱ्याला साबणाचे पाणी लावले, वरून तेलाचा हात दिला. आप्पा मागून देवीची मान धरून उभे राहिले, लहान पोरीला न्हाऊ घालताना धरतात तसे. स्वरूपाने प्लास्टर कालवून कपाळापासून खाली ओतत आणले. भुवया गेल्या, डोळे गेले, नथीचे भोक गेले, हनुवटी गेली. हात सराईत होता. कुठे बुडबुडा राहू नये एवढेच तिच्या डोक्यात होते.

प्लास्टर आवळून घट्ट होताना तापते. हे आप्पांना माहीत होते, त्यांनी आयुष्यात गणपतीचे कितीतरी साचे काढले होते. तरी त्यांनी पुढे हात नेऊन त्या पांढऱ्या गोळ्यावर तळवा ठेवला आणि तो तसाच राहिला.

"तापलीय गं."

"आवळताना तापतंयच की, आप्पा."

मग ते बाजूला वळले आणि त्यांना समोरून ते तोंड दिसले. कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरे. शिवेवर दिसते तसे. मागच्या यात्रेत ते त्यांच्याच हाताने झालेले होते.

"काढ," ते म्हणाले. "काढ ते. आत्ता काढ."

अजून थोडे थांबायला हवे होते. ती तसे म्हणालीही. पण आप्पांचा चेहरा बघून तिने कडेला पाचर घातली आणि साचा ओढला. तो सुटला, पण डाव्या डोळ्याचा रंग घेऊन सुटला. जुन्या लाखेचे काळे बुबुळ साच्याच्या आत चिकटले होते, आणि देवीच्या डोळ्याच्या जागी सोललेल्या कातडीसारखे फिकट लाकूड उघडे पडले होते.

आप्पांनी मंगळवारची वाट बघितली नाही. नारळ नाही, दिवा नाही, स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणून त्यांनी दोन्ही डोळे लिंपून टाकले. सोनाबाई बाजारातून आली तेव्हा त्यांनी सांगितले, दिवस आजचाच चांगला निघाला. तिने देवीच्या गालावरून हात फिरवला, बोटे नाकाशी नेली आणि विचारले, साबणाचा वास कशाचा. आप्पांनी हळदीचा डबा आत नेऊन ठेवला. तिने पुन्हा विचारले नाही. लेकीच्या तोंडाला तेल लावायला ती तेलाची वाटी घेऊन बसली.

समितीला साचा फार आवडला. खरे तर विनय सरांनीच सांगितले होते, की आतले ते बुबुळ धुऊ नका, प्रक्रिया दिसू दे. स्वरूपाने साचा आणि त्यातून काढलेला पांढरा मुखवटा शेजारी शेजारी मांडले. पापणीच्या रेघेवर ती कन्नडमध्ये आणि इंग्रजीत बोलली, आणि कितीतरी दिवसांनी तिला आपण चांगले शिकवतो असे वाटले. समितीतल्या एका बाईंनी साच्यात बोट घालून ती रेघ शोधली आणि मान डोलावली.

ब्राह्मी नावाची चिकोडीकडची एक विद्यार्थिनी होती. वर्गातली सर्वांत हुशार. तिने आपल्या मॅडमचे कौतुक म्हणून साच्याचा फोटो फोनवर लावला आणि खाली गावाचे नाव लिहिले. तिच्या एका नातेवाइकाने तो पुढे धाडला. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला असलेल्या मुरगुंडवाडीच्या एका पोराकडे तो पोचला, आणि चहाच्या सुट्टीत त्याने तो गावच्या यात्रा कमिटीच्या ग्रुपवर टाकला. ब्राह्मीला हे कळले तेव्हा ती स्वरूपापुढे रडली. स्वरूपाने तिला सांगितले, फोटो तू काढलास, साचा मी. एवढेच. आणि तिला पाठीचे काम दाखवायला सांगितले.

कमिटी देवळात बसली. प्रमुख आण्णासाहेब पाटील, जैन शेतकरी, तंबाखूची मोठी वखार, आवाज कधी चढला नाही असा माणूस. आप्पांना बोलावणे आले. स्वरूपा बरोबर गेली, पण तिला पायरीवर थांबवले. आतले सगळे तिला ऐकू येत होते.

"डोळं उघडं व्हतं, आप्पा?" आण्णासाहेबांनी विचारले.

"व्हतं."

"तोंड झाकलं?"

"झाकलं."

"कशानं?"

"पांढऱ्यानं," आप्पा म्हणाले.

कोणीतरी हसले, पण ते हसणे नव्हते. लग्नाआधी लेकीला रांडव केली की, असे एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, पोरगीला प्रोफेसर करायचा भाव लावला का. आप्पांनी मुलीचे नाव घेतले नाही. साचा कुणी घेतला असे विचारले तेव्हा म्हणाले, घरात मीच मोठा आहे. मागच्या वर्षभरात गावात झालेल्या मोटारसायकलच्या अपघातापासून बोअर आटण्यापर्यंत सगळे तिथे निघाले. साचा त्यानंतरचा होता, हे कोणी म्हणाले नाही. दृष्टी लावण्याचा मान काढून घ्यायचे ठरले. संकेश्वरकडचा नागराज बडिगेर म्हणून कारागीर होता, त्याला आणायचे. देवीला माहेरातून उद्याच हलवायची.

दुसऱ्या दिवशी माणसे आली तेव्हा सोनाबाई खण, नारळ, तांदूळ सुपात घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिला कोणी काही नीट सांगितलेले नव्हते. लवकर नेताय तर लवकर, पण ओटी भरल्याशिवाय लेक जाते का. त्या घोळक्यात तिच्या हाताखाली वाढलेली पोरे होती. ती पोरे तिच्याकडे न बघता म्हणाली, ओटी नको, आक्का. हळदीने डोळे मिटलेली लक्ष्मी घोंगडीत धरून त्यांनी टेम्पोत चढवली. सोनाबाई सूप घेऊन रस्त्यापर्यंत गेली आणि टेम्पो वळणापलीकडे गेल्यावर परत आली. त्या दुपारी तिने सवयीने दोन ताटे वाढली. एक आप्पांचे. दुसरे उचलून गोठ्यात नेऊन रिकामे केले.

रात्री जेवताना ती स्वरूपाला फक्त एवढे म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी न्हाय म्हणाले असते. म्हणून विचारलं न्हाईस."

आप्पा बसून राहिले. हत्यारांना तेल लावणे बंद झाले. जेवण अर्ध्यावर आले. सकाळी उठून ते सोप्यातल्या त्या सारवलेल्या रिकाम्या जागेसमोर जाऊन बसत. कुणी नवीन चौकट करायला सांगितली तर हात कापतात म्हणून परत पाठवत. हात आधीही कापत होते, पण पटाशी हातात आली की थांबत.

स्वरूपा एकटीच आण्णासाहेबांच्या वखारीत गेली. तंबाखूच्या वासाने डोळे चुरचुरत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. लहानपणी तिने त्यांच्या घरातल्या पाळण्याला मोर कोरले होते, त्याची आठवण काढली. मग म्हणाले, त्यांचा स्वतःचा राग नाही. त्यांच्या धर्मात तर ही देवीच नाही, गावाबरोबर म्हणून ते पुढे असतात. पण लोकांना ते तोंड फोनवर दिसते आहे.

"साचा हाय तवर लोकं इसरायची न्हाईत, बाई. फोडून टाक. मग मला चार माणसांत त्वांड उघडायला जागा ऱ्हाईल."

"आप्पांना दृष्टी लावायला बोलावशिला?"

"बोलतो म्हणालो. देतो म्हणालो न्हाय."

ती एवढ्यावर उठली. एवढ्यावर उठू नये हे तिला कळत होते, पण धरायला दुसरे काही नव्हते.

विभागात साचा आणि मुखवटा काचेच्या पेटीत ठेवले होते. विनय सर म्हणाले, मॅडम, ही आता नोंदीतली वस्तू आहे, समितीच्या अहवालात फोटो गेला आहे, कायमच्या जागेचा विचार त्यावर चालू आहे. त्यांनी हे दोनदा सांगितले, दुसऱ्यांदा अगदी मऊपणे. तिने पेटी उघडून दोन्ही बाहेर नेले. शेडच्या मागे मुले ओंडके कापत होती, ती करवत थांबवून उभी राहिली. मुखवटा पहिल्या घावातच गेला. साचा तिने आधी उताणा ठेवला होता. आतून तो एक डोळा तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्यावर कडेने सुटत गेलेली ती रेघ. तिने तो पालथा केला आणि मग हातोडा मारला. प्लास्टर जाड घातलेले होते. बरेच घाव लागले. चुरा तिने पोत्यात भरून आण्णासाहेबांच्या माणसाकडे दिला, कारण त्यांना बघायचे होते.

घरी तिने हे सांगितले नाही. आप्पांना बोलावणे आले की मगच सांगायचे, असे तिने ठरवले होते. त्यांच्या घराण्याची रेघ फोडून तिने त्यांचा मान परत आणला, हे एकाच वेळी सांगायचे. नुसते पहिले सांगायचे धैर्य तिच्यात नव्हते.

बोलावणे आले नाही. यात्रा सुरू झाली. नागराजने शाळेच्या खोलीत पडदा लावून डोळे उघडले. हलगी वाजली तेव्हा आप्पा परसात तोंड धूत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, आवाज थांबेपर्यंत थांबले, आणि पुन्हा तोंड धुतले. मिरवणूक घरावरून गेली तेव्हा सोनाबाईने दार लावून घेतले होते.

शेवटच्या दिवशी सकाळी कमिटीचा माणूस आला. नागराज बडिगेर अडून बसला होता. दृष्टी लावली, पण तोंड झाकणार नाही, म्हणाला. मी काही तिच्या माहेरचा नाही, परक्याच्या लेकीचे मरण मी का अंगावर घेऊ. तेव्हा आप्पांनी शिवेवर यावे, पांढरे कापड कमिटी देईल.

सोनाबाई आतून म्हणाली, जाऊ नका. चांगल्याला परका आणि मढ्याला आपण, हे कुठले. स्वरूपाला वाटले आप्पा त्या माणसाला हाकलून देतील. तिला तसे व्हावे असेही वाटले.

"मेल्यावर घरचंच लागतंय," आप्पा म्हणाले आणि टोपी घालू लागले.

शीव ओढ्यापलीकडे होती. बायका ओढ्याच्या अलीकडे थांबतात, पलीकडे जात नाहीत. सोनाबाई आणि स्वरूपा त्या घोळक्याच्या कडेला उभ्या राहिल्या, शेजारच्या बायकांनी दोघींच्या आणि आपल्या मध्ये जागा सोडली होती. पलीकडचे सगळे दिसत होते. लिंबाच्या डहाळ्यांची झोपडी, तिच्यासमोर लक्ष्मी. नागराजने लावलेले डोळे मोठे, गोल आणि नव्या रंगाने चकचकीत होते. पापणीची कड त्याने लुकणाने सरळ करून टाकली होती. एवढ्या लांबूनही स्वरूपाला ते कळले.

बांगड्या फुटल्या. मग आण्णासाहेबांनी हात वर करून सांगितले, की ही मूर्ती बाटली आहे, पंचांचे एकमत आहे. आगीनंतर हिला सुटी करून वेदगंगेत सोडायची. पुढच्या यात्रेला नागराज नवी करील.

आप्पांना हे तेव्हाच कळले. कापड त्यांच्या हातात होते. ते काही क्षण तसेच राहिले, मग पुढे होऊन त्यांनी लक्ष्मीचे तोंड झाकले, चारी कडा नीट मागे घेऊन गाठ मारली, आणि बाजूला उभे राहिले.

आता त्यांनी रडायचे होते. माहेरच्या माणसाचा हंबरडा निघाल्याशिवाय आग लावत नाहीत. पेटता टेंभा घेऊन पोरगा तयार होता. सगळे गाव आप्पांकडे बघत होते. आप्पा बघत होते त्या पांढऱ्या तोंडाकडे. त्यांच्या गळ्यातून आवाज आला नाही. कुणी म्हणाले, रडा, आप्पा. थोड्या वेळाने दुसरा म्हणाला, रड की गा, इथंच मुक्काम करायचा व्हय. टेंभ्याचे तेल जळून वास येऊ लागला. आण्णासाहेब त्यांच्या कानाशी जाऊन काही बोलले. आप्पांनी मान हलवली. नाही म्हणून नव्हे, हो म्हणूनही नव्हे.

तेव्हा ओढ्याच्या अलीकडून सोनाबाईने सूर काढला. बाईचा आवाज त्या जागी कधी गेला नव्हता. तिने नाव घेऊन, लेकीला रडतात तसे, सासरची, माहेरची, न भरलेल्या ओटीची सगळी याद काढत रडायला सुरुवात केली. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी ओरडले, तिला गप करा. पण पोराने तो सूर ऐकून टेंभा आधीच लावला होता आणि वाळलेला पाला भरकन पेटला. मग नाइलाजाने गावही रडले. स्वरूपा आईचा दंड धरून उभी होती. तिला रडू आले नाही.

शिवेवरून आलेल्याने अंघोळीशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. आप्पा परसातल्या दगडावर बसले. स्वरूपाने बंबातले पाणी विसणून आणले आणि तांब्याने त्यांच्या खांद्यावर घालू लागली. पाठ हाडांवर आली होती. धुराचा वास पाण्याबरोबर उतरत होता.

"नदीत सोडणार तिला," आप्पा म्हणाले.

"ऐकलं मी."

"त्या बडिगेरनं पापणीची कड घालवली. बघितलीस?"

"बघितली."

आप्पांनी मान खाली करून पाणी अंगावरून उतरू दिले. मग डोळ्यांवरचे पाणी निपटून म्हणाले, "तू केलंस ते एका अर्थी बरं झालं म्हणायचं. मला तवा कळलं न्हाय. तो साचा तेवढा जपून ठेव गं. माझ्या आज्याची रेघ आता तेवढ्यातच ऱ्हायली. पोरास्नी शिकव त्येच्यावरनं."

स्वरूपाचा हात थांबला. पाणी निवत होते.

"व्हय, आप्पा," ती म्हणाली, आणि तिने तांब्या पुन्हा बादलीत बुडवला.